वजन कुठल्या पायावर?

घरातल्या मुलाने अ‍ॅनिमेशनला जायचं ठरवलं की कपाटाच्या वरच्या खणातून एक फाइल खाली येते. तीत इंटरमिजिएटचं 'ए' ग्रेडचं प्रमाणपत्र असतं. पितळी तांब्या, दोन वांगी आणि चुण्या पडलेलं कापड यांचं स्टिल लाइफ असतं. पेन्सिलीने घोटून घोटून काढलेला एखाद्या नटाचा चेहरा असतो, एक गणपती असतो, आणि सगळ्यात मागे मुलाची खरी आवड दडवून ठेवलेली असते: जपानी कार्टूनांतले नारुतो, गोकू, लुफी. चित्रं वाईट नसतात, काही तर फारच सफाईदार असतात. तरी प्रवेशाच्या मुलाखतीत ही फाइल जशीच्या तशी पुढे केली तर परीक्षकाला तिच्यातून फारसं काही कळत नाही. तो जे शोधतो आहे त्यासाठी ही चित्रं काढलेलीच नसतात.

तो शोधत असतो ते साधं आहे. तुम्ही उभा माणूस काढलात, तर त्याचं वजन कुठल्या पायावर आहे? भरलेली बादली उचलणाऱ्या बाईचा दुसरा खांदा किती वर गेला, कंबर कुठल्या बाजूला कलली? उडी मारण्याआधी मांजर मागे किती दबतं? शेडिंग शिकवता येतं. सॉफ्टवेअर तर शिकवता येतंच, आणि दोन-चार वर्षांत ते बदलतंही. पण हालचाल नजरेत पकडण्याची सवय विद्यार्थ्याने थोडीफार घेऊनच यावी, अशी अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्यांची अपेक्षा असते. पोर्टफोलिओ म्हणजे त्या सवयीचा पुरावा. बाकी सगळं दुय्यम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रेड परीक्षांना नावं ठेवायची नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटमुळे महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हाती पेन्सिल टिकून राहिली. गंमत अशी, की या परीक्षांतला एक पेपर अ‍ॅनिमेशनच्या फार जवळचा आहे, तो म्हणजे स्मरणचित्र. बाजार, रस्ता, खेळाचं मैदान, पाण्याची रांग हे सगळं डोळ्यांपुढे आणून माणसं हलती-बोलती काढायची. पण क्लासमध्ये त्याचा साचा झाला. टोपलीवाली बाई, छत्रीवाला म्हातारा, पाठमोरा मुलगा अशा चार-पाच आकृत्या पाठ करायच्या आणि विषय कुठलाही आला तरी त्याच बसवायच्या. जो पेपर निरीक्षणाचा होता तो पाठांतराचा झाला. पोर्टफोलिओची तयारी करताना पहिलं काम हेच, की त्या पाठ केलेल्या बाईला रजा द्यायची आणि खरी बाई बघायची.

पण पोर्टफोलिओ मुळात लागतो कुठे, हे आधी बघायला हवं. पालकांची निम्मी धावपळ या गोंधळातून होते. बारावीनंतर आयआयटीच्या बी.डेस.साठी 'यूसीड' ही परीक्षा असते. ती आयआयटी मुंबई घेते, आणि तिथे पोर्टफोलिओ मागत नाहीत. परीक्षेतलं चित्रकलेचं उत्तर आणि बाकीचे गुण यांवर जागा ठरते. महाराष्ट्रातल्या बीएफएसाठी, म्हणजे जेजेसारख्या महाविद्यालयांसाठी, राज्याची कला सीईटी असते. तिथेही हातात कागद देऊन समोर बसवतात. अहमदाबादच्या एनआयडीत बी.डेस.साठी प्रिलिम्स आणि मेन्स अशा दोन टप्प्यांची परीक्षाच मुख्य असते. पोर्टफोलिओचं खरं वजन येतं ते पदवीनंतर. आयआयटी मुंबईच्या पवईतल्या आवारातलं आयडीसी हे १९६९ साली सुरू झालेलं डिझाइनचं विद्यालय. तिथे एम.डेस.ला अ‍ॅनिमेशन हा स्वतंत्र विषय आहे, आणि 'सीड' परीक्षेतून वर आलेल्यांना पुढच्या फेरीत आपलं काम दाखवावं लागतं. एनआयडीच्या एम.डेस. मुलाखतीतही तसंच. पुण्याच्या सिंबायोसिसच्या डिझाइन विद्यालयात मात्र बारावीनंतरच्या प्रवेशातही लेखी परीक्षेपुढे पोर्टफोलिओ पाहण्याची आणि बोलण्याची फेरी असते, आणि इतर खासगी संस्थांतही अशा फेऱ्या पाहायला मिळतात. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका हातात घेऊनच बसावं. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं ऐकून फाइल बांधू नये.

परदेशात चित्र वेगळं आहे. तिथे पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेशच पोर्टफोलिओवर ठरतो. टोरोंटोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना ओकव्हिलचं शेरिडन कॉलेज जवळ पडतं, आणि उत्तर अमेरिकेत अ‍ॅनिमेशनसाठी त्याचं नाव मोठं आहे. तिथल्या मागणीत वर्षानुवर्षं काही गोष्टी ठरलेल्या दिसतात: समोर माणूस बसवून काढलेली चित्रं, हातांची चित्रं, एकच पात्र वेगवेगळ्या बाजूंनी, एखाद्या खोलीचं चित्र, दिलेल्या प्रसंगाचा स्टोरीबोर्ड. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्समध्ये कॅरॅक्टर अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम १९७५ साली डिस्नेच्या पाठबळावर सुरू झाला. जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड आणि टिम बर्टन हे पहिल्या काही वर्षांतले विद्यार्थी. तिथे स्केचबुकाला फार मान आहे. या याद्या शेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येतं, भाषा वेगळी असली तरी सगळे मागतात तेच. जिवंत आकार समजतो का, तो फिरवता येतो का, आणि त्याच्याकरवी गोष्ट सांगता येते का?

जिवंत आकाराचा हा आग्रह कुठून आला? १९३२ साली डिस्नेने आपल्या कलाकारांसाठी संध्याकाळचे चित्रकलेचे वर्ग सुरू केले. शिकवायला शुईनार्ड कलाशाळेतले डॉन ग्रॅहम आले. तोवर व्यंगचित्रपटांतली पात्रं रबरी नळीसारखे हातपाय हलवत होती आणि लोक हसत होते. पण पूर्ण लांबीच्या चित्रपटात प्रेक्षकाला रडवायचं असेल, तर रबरी नळी पुरत नाही. पुढे 'बॅम्बी'च्या वेळी तर स्टुडिओत खरी हरणाची पिल्लं आणून ठेवली होती, चित्रकारांनी बघून काढावीत म्हणून. याच डिस्ने स्टुडिओतला क्लेअर वीक्स हा चित्रकार १९५६ साली मुंबईला आला आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात इथल्या मुलांना शिकवू लागला. त्याचा जन्मही भारतातलाच. त्याच्या हाताखाली १९५७ साली 'द बनियन डिअर' हा जातककथेवरचा लघुपट झाला. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन त्याच तुकडीत तयार झाले. म्हणजे आज प्रवेशासाठी 'समोर बघून काढलेली चित्रं आणा' असं लिहिलेलं असतं, त्यामागे जवळपास शंभर वर्षांचा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं? एक जाड, स्वस्त, कोऱ्या पानांची वही घ्यायची. महागडी घेतली की पान खराब होईल या धाकाने हात आखडतो. पेन्सिलीऐवजी बॉलपेन किंवा जेलपेन घ्यावं, म्हणजे खोडायची सोय राहत नाही. बसायचं कुठे, हा प्रश्न आपल्याकडे पडूच नये. एसटी स्टँडवर लोक दमून बसलेले असतात, गाडी आली की तेच लोक अर्ध्या मिनिटात धावायला लागतात. लोकलमध्ये झोपलेला प्रवासी हा तर फुकटचा मॉडेल. त्याची मान एका बाजूला लोंबते, तोंड उघडं पडतं, मांडीवरची बॅग मात्र घट्ट धरलेली असते. ससून डॉकवर सकाळी माशांच्या पाट्या उचलणाऱ्या बायका बघाव्यात. डोक्यावर ओझं आलं की मान ताठ होते आणि सगळी चाल कंबरेत उतरते. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो. खांबाभोवती पिळलेलं, उलटं लटकलेलं, तोल सावरणारं शरीर इतक्या जवळून आणि पुन्हा पुन्हा बघायला क्वचितच मिळतं. कोल्हापूरकरांना तालमी आहेतच.

वेळ लावून काढायचं. तीस सेकंदांत एक, एका मिनिटात एक, दोन मिनिटांत एक. तीस सेकंदांत नाक-डोळे येणारच नाहीत, आणि तेच बरं. पहिली रेष डोक्यापासून वजन पडलेल्या टाचेपर्यंत जाते. अ‍ॅनिमेशनवाले तिला 'लाइन ऑफ अ‍ॅक्शन' म्हणतात. ही एक रेष बरोबर आली, तर उरलेलं चित्र चुकलं तरी माणूस उभा राहतो. ती चुकली, तर कितीही घोटा, पुतळाच तयार होतो. मग खांद्यांची तिरकी आणि कंबरेची तिरकी रेष. बहुतेकदा या दोघी एकमेकींच्या उलट कलतात. एका पायावर वजन टाकून उभं राहून आरशात बघा, लगेच पटेल. त्यानंतर हात, ओझं आणि कपडे. लुगड्याचा काष्टा, धोतराचा सोगा किंवा ओढणीचं टोक शरीराच्या मागून येतं, शरीर थांबलं तरी क्षणभर हलत राहतं. हे वहीत टिपलेलं दिसलं की परीक्षकाचे डोळे चमकतात, कारण पुढे वर्गात तो हेच शिकवणार असतो.

फोटोवरून काढू नये असं मुलांना सांगितलं की ती हिरमुसतात. फोटो वर्ज्य नाही. पण फोटोत निर्णय कॅमेऱ्याने घेतलेला असतो. कुठला क्षण, कुठली बाजू, काय ठेवायचं, काय गाळायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि तुम्ही फक्त नक्कल करता. समोरचा माणूस हलतो, उठून जातो, आणि अर्धं चित्र तुम्हाला स्मरणातून पुरं करावं लागतं. तिथेच शिक्षण आहे.

लाइफ ड्रॉइंगबद्दल घरात अवघडलेपण असतं. कलामहाविद्यालयांत मॉडेल बसवून चित्रं काढण्याची परंपरा जुनी आहे. रवी जाधव यांच्या २०१८च्या 'न्यूड' या चित्रपटाने ती मराठी प्रेक्षकांच्या घरापर्यंत आणली, आणि ते स्वतः जेजेचेच विद्यार्थी. पण बारावीच्या मुलाला त्यासाठी कुठे शोधाशोध करायची गरज नाही. घरातली माणसं, बाल्कनीतून दिसणारा वॉचमन, पोहण्याच्या तलावावरची मुलं, व्यायामशाळा एवढ्यात भरपूर शरीर दिसतं. प्राण्यांसाठी भायखळ्याची राणीची बाग आहे. जेजेच्या मुलांच्या पिढ्यांनी तिथे वह्या भरल्या आहेत. तिथला पेंग्विन काढायला सोपा वाटतो, आणि चालायला लागला की सगळा हिशेब बिघडवतो.

हातांना वेगळी पानं द्यावीत. नवशिका चित्रकार पात्राचे हात खिशात घालतो किंवा पाठीमागे लपवतो, आणि परीक्षकांना ही लबाडी पाठ झालेली आहे. स्वतःचा डावा हात कायम हाताशी असतो. पोळी लाटणारे, सुईत दोरा ओवणारे, मोबाइल धरलेले, नोटा मोजणारे हात काढा. प्रत्येक हात काही ना काही करत असला पाहिजे.

मग येतं पात्र, आणि इथे आपल्या नारुतोची गाठ पडते. दुसऱ्याने घडवलेलं पात्र हुबेहूब काढणं ही कसबाची गोष्ट आहे, पण ते पात्र कसं असावं याचा विचार जपानमध्ये कोणीतरी आधीच करून ठेवला आहे. तुम्ही काय विचार करता, ते त्यातून कळत नाही. आवड लपवावी असं मी म्हणणार नाही. एखादं पान असू द्या, पण स्वतःचं पात्र असलंच पाहिजे. ते ओळखू कसं येतं, याची एक जुनी कसोटी आहे. पात्राची आकृती आतून पूर्ण काळी भरायची आणि विचारायचं, कोण आहे? आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन सावलीतूनही ओळखू येतो. टकलाभोवतीचे केस, कोट, खाली धोतर, आणि किंचित वाकलेली, कायम बघ्याची उभं राहायची पद्धत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१पासून 'सकाळ'मध्ये आला, आणि काही रेषांच्या त्या मुलाला कुठल्याही गर्दीत वाचक शोधून काढत. दोघांच्याही अंगावर दागिने नाहीत, तलवारी नाहीत, डोळ्यांत वीज नाही. नवशिक्यांची पात्रं मात्र पट्टे, बक्कल, व्रण आणि तीन रंगांचे केस यांनी लदलेली असतात. असं पात्र एकदा काढायला ठीक आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये तेच शेकडो वेळा काढावं लागतं, तेव्हा प्रत्येक बक्कल वैरी होतं.

म्हणून पात्र फिरवून दाखवायचं. समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि मागून. चारही आकृत्या एकाच ओळीत, डोक्याची, हनुवटीची, कंबरेची आणि गुडघ्याची आडवी रेष आरपार आखून. नाक समोरून छोटं आणि बाजूने भोपळ्याएवढं होत असेल तर ते इथे उघडं पडतं. आकृती डबे, नळ्या आणि चेंडू यांच्यापासून बांधली असेल तर फिरवता येते. नुसत्या बाह्यरेषेवर उभी असेल तर मागून काढताना कोसळते. सोबत त्याच पात्राचे चार-पाच प्रसंग जोडावेत: शिंक येताना, खोटं बोलताना, बस चुकल्यावर. भाव चेहऱ्यापेक्षा पाठीतून जास्त दिसावा.

पार्श्वभूमीबद्दल थोडक्यात. आपली खोली, चाळीची गॅलरी, जिना, वाड्याचं माजघर, रस्त्यावरची चहाची टपरी अशा दोन-तीन जागा नीट पर्स्पेक्टिव्हमध्ये काढाव्यात. पात्र तिथे उभं राहू शकेल इतपत त्या खऱ्या वाटल्या की पुरे.

स्टोरीबोर्डवर मात्र थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त पोर्टफोलिओ इथे घसरतात. मुलांना वाटतं, गोष्ट मोठी हवी. मग झाड रडतं, पृथ्वी आजारी पडते, एक मुलगी स्वप्नात पंख लावून उडते आणि शेवटी सगळं स्वप्न निघतं. परीक्षकाने एका दिवसात अशा कित्येक पृथ्व्या पाहिलेल्या असतात. त्यापेक्षा एसटीत जागा धरायची गोष्ट घ्या. पहिल्या चौकटीत लांबून स्टँड दिसतं, गाडी फलाटाला लागते आहे आणि सगळी गर्दी एका बाजूला झुकली आहे. दुसऱ्या चौकटीत खिडकीपाशी टाचा उंचावलेला एक माणूस, हातात रुमाल. तिसरी चौकट गाडीच्या आतून: रिकामी सीट, तिच्यावर रुमाल पडतो. चौथीतही कॅमेरा जागचा हलत नाही. मागच्या खिडकीतून दुसरा हात येतो आणि रुमालावर टोपी ठेवतो. पाचवीत दारात दोघे एकमेकांत अडकलेले, नजरा मात्र आत, एकाच दिशेला. सहावीत ते सीटपाशी पोचतात. रुमाल आणि टोपी नीट घडी करून बाजूला ठेवलेली, आणि खिडकीशी एक आजी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली आहे.

या सहा चौकटींत संवाद नाही, संदेश नाही, पण बरंच काही सिद्ध होतं. लांबचं दृश्य आधी का, तर जागा कळावी म्हणून. तिसरी आणि चौथी चौकट एकाच जागेवरून का, तर बदललेली एकच गोष्ट, ती टोपी, ठळक दिसावी म्हणून. आजी आत कशी शिरली हे दाखवलेलं नाही, कारण हसू त्या गाळलेल्या भागातून येतं. आणि गाडीचं तोंड पहिल्या चौकटीत डावीकडे असेल, तर बाहेरून दिसेल तेव्हा डावीकडेच राहिलं पाहिजे. ते उलटलं तर प्रेक्षकाला वाटतं, गाडी वळली. प्रत्येक चौकटीखाली एका ओळीत काय घडतं आणि कुठला आवाज येतो तेवढंच लिहावं. चौकटी रंगवत बसू नये. काळी रेष आणि एक राखाडी छटा पुष्कळ झाली.

एवढं झाल्यावर खरोखर काही हलवून दाखवायचं. प्रवेशाच्या वेळी पूर्ण लघुपटाची अपेक्षा सहसा नसते, तरी काही सेकंदांची एखादी फिल्म जोडली तर फार फरक पडतो. चेंडूपासून सुरुवात करण्याची रीत उगाच पडलेली नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी धावतात. हाताने काढताना बहुधा प्रत्येक चित्र दोन चौकटी दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. सुमारे १२२ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. म्हणजे सुरुवातीचं चित्र धरून पुढची सहा चित्रं. ती समान अंतरावर काढली की चेंडू दोरीने खाली सोडल्यासारखा दिसतो. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, आणि समान वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. हा गॅलिलिओचा शोध. आपल्या चेंडूसाठी पहिलं अंतर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, आणि शेवटचं सदतीसच्या पुढे. वर गर्दी, खाली विरळ. पडायच्या वेळेतला पहिला अर्धा भाग संपतो तेव्हा चेंडूने फक्त पाव उंची कापलेली असते. शाळेच्या पुस्तकातलं पतनाचं सूत्र इतकं डोळ्यांपुढे दुसरीकडे कुठे उभं राहत असेल, असं मला वाटत नाही.

यात मग स्वभाव घालता येतो. रबरी चेंडू जमिनीला टेकताना चपटा होतो आणि निघताना लांबट होतो. सीझनचा चेंडू आकार अजिबात बदलत नाही आणि दोन टप्प्यांत गप्प बसतो. फुगा पडताना रेंगाळतो. मूळ आकार तोच, गोल, पण मुख्यतः अंतरं आणि वेळ बदलून तीन वेगळ्या वस्तू तयार होतात. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ज्येष्ठांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यांतली निम्मी तरी या एका चेंडूत सापडतात. चेंडूनंतर अर्धं भरलेलं पिठाचं पोतं. त्याला डोकं नाही, हात नाहीत, नुसती चार टोकं. ते दुःखी, घाबरलेलं किंवा मुजोर दाखवता आलं, तर चेहऱ्याशिवाय अभिनय जमला. मग चाल.

सामानाचा बाऊ करू नये. टेबलावर पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर काच ठेवून खाली दिवा लावला की लाइटबॉक्स झाला. कागद हलू नयेत म्हणून ऑफिसातलं दोन भोकांचं पंच आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या दोन खुंट्या पुरतात. फोनवर स्टॉप मोशनची अ‍ॅप आहेत. संगणक असेल तर क्रिटा, पेन्सिल टूडी आणि ब्लेंडर हे सगळं फुकट मिळतं. २०२५ साली ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा लॅटव्हियन चित्रपट ब्लेंडरमध्येच केला होता. आणि चित्रंच काढायला हवीत असंही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली ती काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीला सरकवून. नीना सबनानी यांनी 'टांको बोले छे' मध्ये कच्छच्या बायकांचं भरतकाम हलवलं. ज्या घरात आजी गोधडी शिवते, त्या घरातल्या मुलाने डिस्नेची नक्कलच का करावी?

निवड हा कष्टाचा भाग आहे. वर्षभर भरलेल्या वह्यांतून पंधरा-वीस पानं निघाली तर उत्तम. दुबळं चित्र भरतीला घातलं की बाकीच्यांवरही शंका येते, परीक्षक आपली सगळ्यात कच्ची पातळी कुठे आहे ते बघतो. सगळ्यात चांगलं काम पहिल्या दोन पानांत ठेवावं, शेवटासाठी राखून ठेवू नये. शेकडो फाइली चाळणारा माणूस शेवटापर्यंत पोचेलच असं नाही. वहीची पानं स्कॅन करताना खाडाखोड पुसू नये, पण सावली आणि बोट मात्र येऊ देऊ नये. चित्राखाली किती वेळात काढलं, समोर बघून की मनाने, एवढं लिहावं. गटात केलेलं काम असेल तर त्यातलं आपलं कोणतं ते सांगून टाकावं. संगणकाला सांगून बनवून घेतलेली चित्रं घालायचा मोह आता नवा आहे. काम स्वतःचं असल्याचं लिहून द्यावं लागतं तिथे तो अंगाशी येतोच, शिवाय मुलाखतीत कागद पुढे सरकवून 'हेच पात्र पाठीमागून काढून दाखवा' असं म्हणायला कोणालाही अर्धं मिनिटही लागत नाही.

पोर्टफोलिओ करून देणाऱ्या क्लासांबद्दलही बोललं पाहिजे. चांगले शिक्षक असतात, बसवून घेतात, वह्या तपासतात, आणि त्यांची फी वसूल होते. पण काही ठिकाणी साच्यातून गणपती निघावेत तशा फाइली निघतात: तोच कागद, तीच मांडणी, प्रत्येकात एक चप्पल उलगडून दाखवलेली आणि एक पाण्याच्या बाटलीचं नवं डिझाइन. त्या फाइलींत मूल कुठे आहे ते शोधावं लागतं. क्लास निवडताना तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या फाइली मागून बघाव्यात. दोन फाइली एकमेकींसारख्या दिसल्या तर उठून यावं.

मुलाखतीला मूळ वह्या न्याव्यात, पीडीएफ दिलेली असली तरी. बहुतेकदा बोलणं वहीतल्या अशा पानावर सुरू होतं जे तुम्ही निवडलेलंच नसतं. हा माणूस असा का बसलाय, हे खोडून परत का काढलंस, यातलं कुठलं तुला आता आवडत नाही आणि का. 'मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे' हे उत्तर यांतल्या कुठल्याच प्रश्नाचं नाही. त्या बाईच्या काखेत मूल होतं म्हणून खांदा वर गेलाय, मी आधी दोन्ही खांदे सरळ काढले होते, मग लक्षात आलं, असं सांगता आलं तर पुढचे प्रश्न आपोआप वेगळे येतात. पाहिलेल्या फिल्म्सबद्दलही विचारतात. तिथे पिक्सारची नावं सगळेच घेतात. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) किंवा शिल्पा रानडे यांची 'गोपी गवैया बाघा बजैया' (२०१३) पाहून गेलात, आणि त्यातली एखादी हालचाल का आवडली ते सांगितलंत, तर समोरचे खुर्ची थोडी पुढे ओढतात. राव जेजेच्या उपयोजित कला विभागातल्या. अ‍ॅनिमेशन त्या राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता शिकल्या, आणि 'प्रिंटेड रेनबो'ची चित्रं त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. एका वर्षी प्रवेश हुकला तर त्या वर्षात काय करायचं, याचं उत्तरही त्यातच आहे: एखाद्या छोट्या स्टुडिओत मदतनीस म्हणून शिरायचं, रोजची वही चालू ठेवायची आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा परीक्षेला बसायचं.